आधी खिंड, मग फौज

गणपती पोचते झाले आणि मूर्तींच्या कारखान्यातली गडबड ओसरली की पेणमधली दोन-चार पोरं माझ्याकडे येतात. दिवाळीचा किल्ला करून करून त्यांचे हात तयार झालेले असतात आणि आता त्यांना खरा वॉरगेम खेळायचा असतो. म्हणजे बोटभर उंचीचे सैनिक, टेबलावर मांडलेले डोंगर-ओढे, हातात फासे आणि मोजपट्टी, आणि प्रत्येक चाल नियमाने. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "फौज कुठली घेऊ?" मी म्हणतो, फौजेचं नंतर बघू. तुझ्या पायाखालची जागा कुठली ते आधी सांग.

बहुतेकांच्या तोंडी पानिपत येतं. त्यात त्यांचं काही चुकत नाही. 14 जानेवारी 1761 ही तारीख मराठी माणसाच्या काळजात रुतलेली आहे. पण हिशेब करून बघा. दोन्हीकडचे लढणारे मिळून लाखभर धरले आणि आपला एक शिपाई म्हणजे शंभर माणसं असं मानलं, तरी हजार शिपाई घडवायचे, रंगवायचे, सांभाळायचे. पोरांचा उत्साह पहिल्या शंभरातच संपतो आणि उरलेले खोक्यात राहतात. शिवाय ती भूमी हरियाणात, सपाट मैदानाची. त्या मातीवर आपण कधी चाललेलो नसतो, त्यामुळे टेबलावर हिरवी चादर अंथरून तिला पानिपत म्हणायची वेळ येते.

म्हणून माझं मत असं, आणि ते मी आग्रहाने मांडतो: पहिली लढाई अशी निवडावी की जिथे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परत येता येईल. जागा पाहिली की किती फौज लागेल, ती कुठून येईल, कुठे अडेल, हे आपोआप कळायला लागतं. खेळाचे निम्मे नियम जमीनच सांगते.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या माणसाला तर दूर जायची गरजच नाही. आपली अंबा नदी बोरघाटाच्या डोंगरात उगम पावते, जांभूळपाडा, पाली, नागोठणे करत धरमतरच्या खाडीला मिळते आणि रेवसपाशी समुद्रात जाते. तिच्या वरच्या अंगाला उंबरखिंड आहे आणि मुखाबाहेर, थळच्या समोर, खांदेरी. शिवकाळातल्या दोन उत्तम लढाया एकाच पाण्याच्या दोन टोकांना! मधेही काही कमी नाही. पेणजवळच्या मिऱ्या डोंगरावर 1662 साली मुघलांच्या नामदारखानाशी झुंज झाली. पण शकावलीतली तिची नोंद इतकी त्रोटक आहे की खेळाचा आराखडा उभा राहत नाही. निवड करताना हेही पाहावं लागतं. कोण कुठून आला, काय हवं होतं, कशामुळे थांबला, एवढं तरी कागदावर असलं पाहिजे.

उंबरखिंडीचं ते सगळं आहे. शाहिस्तेखान पुण्यात होता. त्याने कारतलबखानाला कोकणात उतरायला सांगितलं. सोबत वऱ्हाडातल्या उदारामाच्या घराण्यातली रायबागन होती. फौज लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली, ती तुंगारण्यात, आजच्या चावणी गावाच्या आसपास. 2 फेब्रुवारी 1661. पुढचं तोंड बंद, मागची वाट बंद, दोन्ही अंगांना रान आणि रानात मराठे. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त त्या फौजेची तहानेने झालेली तगमग आहे, रायबागनने खानाला दिलेला शरण जाण्याचा सल्ला आहे आणि शेवटी अभय मागून, सामानसुमान टाकून निघून गेलेला खानही आहे.

खोपोली–पाली रस्त्यावर शेमडीपासून आत वळलं की चावणी येतं आणि नदीच्या पात्रात स्मारक उभं आहे. तिथे उभं राहिलं की खेळाच्या दृष्टीने पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी: खानाची फौज वीस हजारांची होती असं सांगतात, पण या वाटेवर एका वेळी तिचं तोंड तेवढंच शिरतं. मागचे हजारो रांगेत अडकून पडतात, त्यांना लढताच येत नाही. याचा अर्थ टेबलावर त्यांना मांडायचीही गरज नाही! एका इंचाला वीस मीटर धरले तर सहा फुटी टेबलावर जवळपास दीड किलोमीटरची वाट बसते. लढाईला तेवढी पुरते.

माणसांच्या प्रमाणासाठी मी सभासदाच्या बखरीतली रचना धरतो. पायदळात दहा माणसांमागे नाईक, पाच नाईकांवर हवालदार. माझा एक शिपाई म्हणजे एक नाईक आणि त्याची माणसं. पाच शिपाई एका पुठ्ठ्यावर चिकटवले की ती हवालदाराची पन्नास माणसं. मराठ्यांच्या बाजूला वीस पुठ्ठे झाले की हजार मावळे पुरे होतात. हे प्रमाण मला फार आवडतं, कारण टेबलावर पुठ्ठा हलवताना आपण एका हवालदाराला हुकूम देत असतो आणि तो हुकूम त्या काळच्या फौजेतही तसाच गेला असता.

आता शिपाई आणायचे कुठून? परदेशी कंपन्यांच्या याद्यांत मराठे सापडतात ते बहुधा 1803 च्या असईचे, शिंद्यांच्या कवायती पलटणींचे. ते सुंदर असतात, पण शिवकाळाला चालत नाहीत. पेणच्या माणसाने त्यासाठी हळहळावं असं मला वाटत नाही. ज्या गावच्या गणेशमूर्तींना 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे हमरापूर-जोहे पट्ट्यात घराघरांत साचे आहेत, तिथे 28 मिलिमीटरचा मावळा घडवायला हात नाहीत असं कसं म्हणता येईल?

फक्त माध्यम बदलावं लागतं. शाडू या आकाराला टिकत नाही. मनगट सुकतानाच तडकतं. मी तांब्याच्या बारीक तारेचा सांगाडा करतो आणि त्यावर एम-सील चढवतो. ते मऊ असतं त्या वेळात पागोट्याचे पीळ, कमरेचा शेला, चोळण्याच्या चुण्या सुईच्या टोकाने काढून घ्यायच्या. भाला वेगळा, पोलादी तारेचा. तो अंगाबरोबर घडवला तर पहिल्या खेळातच वाकतो. एक नमुना मनासारखा झाला की त्याचा सिलिकॉन रबराचा साचा करायचा. उभा, वाकलेला, तोड्याची बंदूक रोखलेला आणि धावता, असे चार नमुने पुष्कळ झाले. हात आणि मान थोडी वळवली की एकाच साच्यातले दोन शिपाई सारखे दिसत नाहीत.

रंगकामात मात्र कारखान्यातली सवय बाजूला ठेवावी लागते. गणपतीची आखणी हा आमच्याकडे सगळ्यात मानाचा हात. डोळा जिवंत झाला की मूर्ती उभी राहते. पण 28 मिलिमीटरच्या चेहऱ्यावर डोळा काढू नये. पांढरा ठिपका आणि त्यात काळा ठिपका दिला की हातभर अंतरावरून शिपाई दचकल्यासारखा दिसतो. भुवईखालच्या खोलगटीत गडद तपकिरी पातळ रंग सोडायचा, तो आपोआप साचतो. तो वाळला की गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर उजळ रंगाचा एकेक फटकारा द्यायचा. टेबलावर झुकलेल्या माणसाला त्या सावलीतच नजर दिसते.

कपड्यांचंही तसंच. दिवाळीतल्या किल्ल्यावरचा मावळा लाल-पिवळ्या झगमगीत रंगात असतो आणि तिथे तो शोभतो. त्या फौजेला गणवेश नव्हता. मांजरपाटाचा मळकट पांढरा, एखादं हळदी पागोटं, एखादा मंजिष्ठी शेला, गुडघ्यापर्यंत धूळ. एका पुठ्ठ्यावरचे पाचही जण वेगळे दिसले पाहिजेत. मुघलांच्या बाजूला जाम्याचे बंद बघायचे. मुसलमान सरदाराचे उजव्या काखेखाली, हिंदू सरदाराचे डाव्या. बंद म्हणजे रंगाची एक रेघ, पण जाणकार माणूस ती बघतो. रान करायला तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांसारखं दुसरं काही नाही. त्या भुऱ्या रंगात बुडवून काढल्या की फेब्रुवारीतलं पानगळीचं जंगल तयार होतं.

मी खेळतो ते रोह्याला. तिथे एक निवृत्त शिक्षक आहेत, इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली. दिवा–रोहा गाडीने पेणहून निघायचं, शिपाई बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून मांडीवर. सरांच्या माडीवर टेबल कायमचं मांडलेलं असतं.

हा खेळ म्हणजे पोरखेळ, असं ज्यांना वाटतं त्यांना सर रायस्वित्झ बापलेकांची गोष्ट सांगतात. बापाने 1812 मध्ये प्रशियाच्या राजासाठी टेबलावरचा युद्धखेळ मांडला, मुलाने 1824 मध्ये तो सुधारून लष्करी अधिकाऱ्यांच्या हाती दिला. त्यात एक पंच असे, आणि खेळाडूला फक्त त्याच्या सैन्याला दिसलं असतं तेवढंच तो सांगे. पुढे 1913 मध्ये एच. जी. वेल्सने 'लिटल वॉर्स' लिहून हा खेळ घराच्या दिवाणखान्यात आणला. वेल्सची धमाल मला आवडते, पण उंबरखिंडीला प्रशियाचा पंच हवा. आमच्याकडे सरांचा नातू पंच असतो.

खेळ सुरू होतो तेव्हा मराठ्यांचा एकही शिपाई टेबलावर नसतो. मराठ्यांचा खेळाडू नकाशावर जागा लिहून पंचाकडे देतो आणि टेबलावर चिठ्ठ्या ठेवतो, त्यातल्या निम्म्या कोऱ्या. खानाचा पुठ्ठा चिठ्ठीजवळ पोचला की पंच ती उघडतो. चौथ्या फेरीपासून तहान. खानाच्या प्रत्येक पुठ्ठ्याला फासा टाकावा लागतो आणि एक पडला की त्या पुठ्ठ्याची चाल अर्धी. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो जिंकण्याचा नियम. लढून बाहेर पडणं खानाला जवळजवळ अशक्य आहे, आणि ते तसंच ठेवलं आहे. खानाच्या खेळाडूचे गुण मोजायचे ते त्याने वाचवलेल्या माणसांवर. कुठल्याही फेरीत तो रायबागनचा पुठ्ठा पुढे सरकवून तह मागू शकतो. लवकर मागितला तर माणसं वाचतात, सामान जातं. उशीर केला तर दोन्ही जातं.

सर नेहमी खानाकडून खेळतात आणि नेहमी उशीर करतात.

"सर, रायबागनचं ऐकलंत तर आज तुम्हीच जिंकाल," मी एकदा न राहवून म्हटलं.

"अरे, वीस हजार माणसं पाठीशी असताना शरण जायचं सुचतं का कुणाला?" ते म्हणाले. "खानाला का उशीर झाला, ते मला इथे बसल्यावर कळतं. वर्गात इतकी वर्षं शिकवलं, तेव्हा नव्हतं कळलं."

उंबरखिंड हाताशी बसली की मग खांदेरी. ती सोपी नाही. 1679 च्या ऑगस्टमध्ये महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडाऱ्याच्या देखरेखीखाली बेटावर बांधकाम सुरू केलं आणि मुंबईचे इंग्रज अस्वस्थ झाले. 18 ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार त्यांच्यावर चालून गेलं. इंग्रजांची डव्ह ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. त्यांचा कप्तान केग्विन मात्र रिव्हेंज फ्रिगेटवरून एकाकी लढत टिकून राहिला, आणि शेवटी मराठी गलबतं नागोठण्याच्या खाडीकडे सरकली. तिथल्या उथळ पाण्यात मोठ्या जहाजाची मात्रा चालत नाही. बेट शेवटी मराठ्यांकडेच राहिलं, आणि 2025 मध्ये जागतिक वारशात गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे.

या खेळाला शिपाई लागत नाहीत, इंच-दीड इंचाची गलबतं लागतात आणि ती सागाच्या ढलप्यांतून सहज होतात. अवघड आहे तो वारा. दर फेरीला फाशावर वारा ठरतो. तो पडला की शिडाचं जहाज जागीच, वल्ह्यांची गलबतं चालती. भरती-ओहोटीचा तक्ता वेगळा ठेवावा लागतो, कारण खाडीचं तोंड कधी उघडं आणि कधी बंद, यावर पळणाऱ्याचा जीव अवलंबून असतो. हे नियम शिकवायला मला नागोठण्याच्या कोळ्यांइतकी मदत कुठल्याच पुस्तकाची झाली नाही. म्हणून नवख्याने आधी खिंड घ्यावी, खाडी पुढच्या वर्षी.

तेव्हा ज्यांच्या मनात हा खेळ आहे त्यांनी आत्ताच काही विकत घेऊ नये. येत्या फेब्रुवारीत, लढाई झाली त्या दिवसांत, चावणीला जा. वही, मोजायची दोरी आणि पुरेसं पाणी बरोबर घ्या. पात्रातून वर कुरवंड्याच्या दिशेने चालत जा, वाट अरुंद होते तिथे तिची रुंदी मोजा, रानातून खालचा माणूस किती अंतरावरून दिसतो ते कागदावर लिहा. मग घरी येऊन दोन्ही बाजूंचे दहा-दहा शिपाई करा. पहिल्या खेळाला तेवढे पुरतात.