वर बघून बस

वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांपैकी एक घर आमच्या मावशीचे. आम्ही सहकुटुंब भेटायला गेलो. जयभीम झाला, तथागतांना आणि बाबासाहेबांना वंदन झाले. १६० चौरस फुटांच्या खोलीत हयात काढलेली मावशी आता ५०० चौरस फुटांत राहते. आम्ही बसू लागताच ती म्हणाली, "अरे, वर बघून बस!" सगळे हसले. मावशी हसली नाही.

ही सवय जुन्या खोलीची. मुंबई विकास खात्याने १९२० च्या दशकात या चाळी काँक्रीटमध्ये बांधल्या. एकट्या वरळीत १२१ चाळी. बांधकाम भक्कम, पण त्यावर समुद्राचा खारा वारा आणि वरच्या मोरीची गळती. मावशीच्या छताला तांबूस डाग पडला. दरवर्षी भीमजयंतीपूर्वी आम्ही त्यावर चुना मारायचो. डाग झाकला जाई, आतला रोग तसाच राही. एका रात्री तव्याएवढा पोपडा पाळण्यात पडला. बाळ आईच्या कुशीत होते, म्हणून वाचले.

पाणी आणि हवा आत शिरली की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून देते. आधी डाग, मग सळईच्या रेषेत तडा, मग पोपडा. छत काठीने ठोकावे; पोकळ आवाज आला तर धोका ओळखावा आणि त्याखाली कोणी झोपू नये. प्रथम वरची गळती बंद करावी. मग सुटलेले काँक्रीट काढून, सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून नवा मसाला भरावा. सळई झिजली असेल तर मिस्त्रीवर न सोडता इंजिनिअरला दाखवावी. चुना आणि पीओपी हे नुसते पांघरूण!

कचेरीत हिशेब लिहिताना आम्ही यंत्रांचा घसारा धरतो. छतालाही घसारा असतो. तथागतांनी सांगितलेली अनित्यता काँक्रीटला चुकलेली नाही. म्हणून नव्या घरांतील बंधू-भगिनींनी पहिल्या वर्षापासून दुरुस्तीचा निधी बाजूला काढावा. दर पावसाळ्यापूर्वी छत तपासावे. गळती दिसली तर वरच्या शेजाऱ्याशी भांडत न बसता दोघांनी मिळून ती बंद करावी.

निघताना मावशी म्हणाली, "घर मिळायला तीन पिढ्या गेल्या. सांभाळायला एक तरी पिढी शहाणी निघू दे."