बंदिवानाचें मत

मताचा हक्क हा राज्यानें प्रजेस दिलेला प्रसाद, कीं प्रजेची स्वतःची मूळ ठेव, या प्रश्नाचा निकाल कॉलेजांतील वादसभेंत फार लौकर लागतो. विद्यार्थी एकमुखानें 'ठेव' म्हणतात. परंतु तुरुंगांतील माणसास मत असावें काय, असें त्यांसच पुढें विचारलें म्हणजे सभेचा रंग पालटतो. चोरास कसलें मत, असें चारचौघे म्हणूं लागतात. बारामती-इंदापूरकडील कुटुंबांतून हा प्रश्न काढला असतांही आम्हांस बहुधा हेंच उत्तर मिळालें. तें स्वाभाविक आहे. न्याय्य आहे काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम कायदा पाहूं. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानें प्रौढ मतदानाचें तत्त्व सांगितलें, आणि गुन्ह्याच्या कारणानें कायद्यास अपात्रता ठरवितां येईल अशी सवडही ठेविली. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२ व्या कलमांतील पांचवें पोटकलम असें कीं, जो तुरुंगांत आहे अथवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यांत आहे, त्यानें मत देऊं नये. वाचकांनीं येथें थोडें थांबावें. गुन्हा शाबीत झालाच पाहिजे अशी अट या कलमांत नाहीं. भिंतीच्या आंत असणें एवढेंच पुरे होतें. शिक्षा झालेला मनुष्य अपील करून जामिनावर सुटला, तर तो खुशाल बोटास शाई लावून घेतो. आणि ज्याचा खटला अजून उभाही राहिला नाहीं, तो कोठडींत असल्यास मतास मुकतो. शिक्षा पुरी भोगून आलेल्यास हें कलम अडवीत नाहीं, हेंही पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसतें.

आतां भिंतीच्या आंत कोण आहेत? सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ च्या अखेरीस देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांस कोणत्याही न्यायाधीशानें अद्याप गुन्हेगार म्हटलेलें नव्हतें.

आमच्या माहितींतील एक उदाहरण सांगतों. इंदापूर तालुक्यांत पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून मारामारी झाली व तिघे पकडले गेले. दोघे बागाईतदार होते. सातबारा असलेले जामीनदार त्यांस आठवड्यांत मिळाले. तिसरा त्यांचाच गडी. त्याच्यासाठीं उभें राहणारें कोणी नव्हतें. ७ मे २०२४ रोजीं बारामती मतदारसंघांत लोकसभेचें मतदान झालें. नणंद-भावजयीच्या त्या सामन्याकडे सारा देश पाहत होता. दोघां मालकांनीं मत दिलें. गडी येरवड्यास बसून होता. आरोप तिघांवर एकच होता. मग त्याचें मत कोणत्या अपराधासाठीं गेलें? जमीन नसण्याच्या, असेंच म्हणावें लागतें. प्रौढ मतदानानें मिळकतीची जुनी अट पुढच्या दारानें बाहेर घातली, ती मागच्या दारानें आंत आली आहे.

हें केवळ गरिबांवरच येतें असेंही नाहीं. जून २०२२ मध्यें नवाब मलिक व अनिल देशमुख हे विधानसभेचे दोन सभासद न्यायालयीन कोठडींत होते. राज्यसभेच्या निवडणुकींत मत देण्याची त्यांची विनंती याच कलमावर बोट ठेवून नाकारण्यांत आली. आणि गंमत अशी कीं, ज्यास मत देतां येत नाहीं त्यास उभें मात्र राहतां येतें! २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें उभें राहणेंही अडविलें, तेव्हां संसदेनें त्याच वर्षीं कायदा दुरुस्त करून ती वाट मोकळी केली. त्यामुळेंच २०२४ सालीं बारामुल्ला येथून इंजिनियर रशीद हे तिहार तुरुंगांतूनच निवडून आले. संसदेस स्वतःच्या उमेदवारांची अडचण दिसली, कैदी मतदाराची दिसली नाहीं.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें हलकें नाहीं. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम कायम करतांना सांगितलें कीं, कैद्यांच्या मतदानास मोठा बंदोबस्त व खर्च लागेल. शिवाय जो आपल्या वर्तनानें तुरुंगांत गेला त्यास इतरांइतकें स्वातंत्र्य मागतां येणार नाहीं. आणि निवडणुका गुन्हेगारांपासून दूर राखणें इष्ट आहे. खर्चाचें उत्तर कायद्यांतच आहे: प्रतिबंधक स्थानबद्धतेंतील माणसास टपालानें मत देतां येतें. एका कोठडींत जी पत्रिका पोंचते, ती शेजारच्या कोठडींत कां पोंचूं नये? 'आपल्या वर्तनानें' हे शब्द कच्च्या कैद्यास लागत नाहींत, कारण तें वर्तन अजून ठरावयाचें आहे. राहिली निवडणुकीची शुद्धता. मतांसाठीं लांच देणें अशा गुन्ह्यांत शिक्षा झाल्यास सहा वर्षें मताधिकार काढून घेणारें कलम याच कायद्यांत निराळें आहे. खरा रोग तेथें ओळखला आहे. मग सरसकट फांस कशास?

अख्ख्या समाजास जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा आमच्याकडे १८७१ पासून ऑगस्ट १९५२ पर्यंत पुस्तकांत होता, आणि त्याचा जाच सोसलेलीं पारधी कुटुंबें आजही या भागांत राहतात. संशय व अपराध यांतील अंतर विसरण्याची किंमत कोण देतो, हें आम्हांस दूरदेशीं जाऊन शिकण्याचें कारण नाहीं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं शिक्षा झालेल्या कैद्यांचाही मताधिकार मान्य केला. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानें १९९९ व २००४ सालीं तसेंच केलें. आणि आमच्या येरवड्याच्या तुरुंगांतच २४ सप्टेंबर १९३२ रोजीं पुणें करार होऊन अस्पृश्य वर्गाच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न सुटला होता. त्याच तुरुंगांतील माणसास आज आपला प्रतिनिधि निवडतां येत नाहीं.

शिक्षा झालेल्यांविषयीं मतभेदास जागा आहे. आमच्या मतें मत काढून घेणें ही स्वतंत्र शिक्षा मानावी, आणि ती गुन्हा पाहून न्यायाधीशानें सांगावी. तुरुंगाच्या दारानें आपोआप लागूं नये. परंतु कच्च्या कैद्याविषयीं दुमत होण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. पुढल्या निवडणुकींत उमेदवार दारीं येतील, तेव्हां पाणी, रस्ते व उसाचा भाव यांबरोबर एवढाही प्रश्न वाचकांनीं त्यांस विचारावा, अशी आमची विनंती आहे.