सरासरीत न मावणारी वर्षं

ध्रुवमत्स्य तारकासमूहात एक लाल, म्हातारा तारा आहे. नाव टी उर्सी मायनॉरिस. हा तारा श्वास घेतल्यासारखा फुगतो, आकसतो आणि त्याबरोबर त्याचा प्रकाश कमीजास्त होतो. 1970च्या दशकात एका फेरीला त्याला साधारण 315 दिवस लागायचे. मग हा काळ घटू लागला. पुढच्या तीसेक वर्षांत तो अडीचशे दिवसांच्या खाली गेला. ताऱ्यांच्या आयुष्यात तीस वर्षं म्हणजे पापणी लवण्याइतकाही वेळ नाही. म्हणून हा तारा मला ग्रेट वाटतो.

आता या ताऱ्याच्या सगळ्या नोंदी एकत्र करून कुणी विचारलं, ‘याचा सरासरी आवर्तकाल किती?’ तर उत्तर मिळेल. पण त्या उत्तरातून ताऱ्याला काय झालं ते कळणार नाही.

इंजिनिअरिंगला आम्हाला फूरिए विश्लेषण शिकवलं होतं. गुंतागुंतीच्या सिग्नलमध्ये कुठल्या वारंवारता किती आहेत, ते त्यातून निघतं. हे महिनाअखेरच्या किराणा बिलासारखं आहे. साखर किती, डाळ किती ते समजतं, पण पाहुणे कुठल्या आठवड्यात येऊन गेले ते बेरजेत दिसत नाही. ते हवं असेल तर रोजची वही उघडावी लागते. वेव्हलेट ही अशी वही आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जाँ मोर्ले या फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञानं तेलाच्या शोधात जमिनीखालून परतणाऱ्या लहरी वाचताना ही कल्पना वापरली. एक छोटी लाट घ्यायची, ती ताणायची किंवा आखडायची, नोंदींवरून सरकवत न्यायची आणि कुठे, किती जुळते ते पाहायचं. मग कुठला ठेका आहे एवढंच नाही, तो कधी होता हेही कळतं.

ताऱ्यांच्या बाबतीत एक अडचण असते. नोंदी सलग नसतात. ढग येतात, पावसाळा येतो. तिमिंगल समूहातला मीरा हा प्रसिद्ध तारा, ज्याचे बदल डेव्हिड फॅब्रिशियसनं 1596 साली टिपले, तो तर दरवर्षी काही आठवडे सूर्याच्या उजेडात हरवतो. अशा भोकं पडलेल्या नोंदींसाठी ग्रँट फॉस्टरनं 1996 मध्ये वेव्हलेटची एक सुधारित पद्धत मांडली. जिथे नोंदी विरळ आहेत, तिथे ती खोटा ठेका ऐकू येऊ नये याची काळजी घेते. आणि या नोंदी बऱ्याचशा हौशी लोकांनी केलेल्या आहेत. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी एकट्यानं 37 हजारांहून जास्त नोंदी अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेला पाठवल्या होत्या. आलेख काढणारे नंतर आले. आधी कुणीतरी तारीख लिहून ठेवली होती.

माझ्या आईनंही लिहून ठेवल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गॅस सिलिंडर आला की फुली, पाळी आली की वर्तुळ. जुनी कॅलेंडरं ती फेकत नाही, मागच्या कोऱ्या जागेवर हिशेब करते. तिची परवानगी घेऊन मी 2011 पासूनची वर्तुळं एका शीटमध्ये भरली. सव्वाशेच्या आसपास निघाली. सरासरी अंतर 32 दिवस. अगदी ‘नॉर्मल’.

एवढ्याशा आकड्यांना वेव्हलेट लागत नाही, पण कल्पना तीच वापरली. सहा-सहा अंतरांची खिडकी सरकवत नेली. 2016 पर्यंत रेघ 28 वर जवळजवळ सरळ. 2017 मध्ये ती थरथरायला लागली : 24, 33, 26, 35. 2019 मध्ये 46, मग 61. शेवटचं वर्तुळ ऑगस्ट 2021.

2018 मध्ये आईनं पंधरा वर्षं चालवलेला शिवणाचा क्लास बंद केला होता. रात्री तीन वाजता उठून ती गॅलरीत बसायची. ‘डोकं लागत नाही गं,’ म्हणायची. डॉक्टरांनी विचारलं, ‘पाळी येते ना?’ ती म्हणाली, ‘येते की.’ विषय संपला. घरात सगळ्यांचं ठरलं, हिला कंटाळा आलाय. हळूहळू तिचंही तेच ठरलं.

मी तिला मोबाईलवर आलेख दाखवला. तिनं 2018 वर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. ‘म्हणजे तेव्हा खरंच काहीतरी होत होतं,’ एवढंच म्हणाली.

आलेखानं कारण सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितलं. वेव्हलेट ‘कधी’ सांगतं, ‘का’ नाही. टी उर्सी मायनॉरिसचा ‘का’ शोधायला ताऱ्याच्या आतल्या भागाची मॉडेल्स लागली. गाभ्याभोवतीच्या थरात हेलियम अचानक पेटतं, तारा आकसतो, फेरी लहान होते, असं ती सांगतात. पण ‘कधी’ माहीत नसतं तर ‘का’ विचारायचं कुणाला सुचलंच नसतं. आईचा प्रश्नही आता तसा विचारता येतो. पुढच्या आठवड्यात ती तारखा घेऊन वेगळ्या डॉक्टरांकडे जाणार आहे. झोप अजून आलेली नाही तिला.

वेव्हलेटच्या आलेखात एक गोष्ट सगळ्यांना खटकते. दोन्ही कडा धूसर असतात. खिडकी काठाशी पोचली की अर्धी रिकामी राहते, म्हणून सगळ्यात ताजा काळ सगळ्यात कमी खात्रीचा असतो. माझ्या फोनमधलं ॲप मला दर महिन्याला सरासरी दाखवतं, वर हिरवी टिकली. मी त्यातल्या तारखा बाहेर काढून ठेवायला लागलेय. गेल्या सहा महिन्यांत रेघ थोडी वर गेलीय, की मला तसं वाटतंय, हे आज सांगता येणार नाही. कडेची धूसर जागा स्पष्ट करायला गणितात उपाय नाही. पुढच्या तारखा लिहीत राहणं, एवढाच आहे.