चाळिशी

आपल्या मराठीनं एका शब्दात दोन गोष्टी ठेवल्या आहेत. चाळिशी म्हणजे वय, आणि चाळिशी म्हणजे त्या वयात नाकावर येणारा चष्माही. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. मग लांबची पताका स्वच्छ दिसते, पण हातातल्या पोथीची ओळ पुसट होते. कीर्तनाच्या निमित्तानं आयुष्यभर संसारी माणसं पाहिली, त्यावरून सांगतो, या वयात मनाचंही असंच होतं. मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, घराचा हप्ता, असं लांबचं सगळं दिसतं. शेजारी बसलेलं माणूस दिसत नाही.

माझं आयुष्य वरळीच्या बीडीडी चाळीत गेलं. १६० चौरस फुटांची खोली, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना बिऱ्हाडं. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि कित्येकांना पुन्हा काम मिळालं नाही. विशीतली पोरं दुसरीकडे लागली, साठीचे गावी गेले. अडकले ते चाळीस-पंचेचाळीसचे. नवा धंदा शिकायला वय झालेलं, घरी बसायला पोरं लहान, आणि गावी आईबाप मनिऑर्डरची वाट पाहणारे.

त्यांतल्या पुष्कळांचे कान वर्षानुवर्षं भोंग्याकडे लागून राहिले. त्यांना बोल लावू नका. ज्या साच्यावर वीस वर्षं हात चालला, तीच त्यांची ओळख होती. ती गेल्यावर काहीजण बोलेनासे झाले, काही गुत्त्यावर दिसू लागले.

आमच्या मजल्यावर एक टाळकरी होते, साचाखात्यातले. संपाच्या वेळी वय चौरेचाळीस. त्यांच्या मंडळींनी जेवणाचे डबे सुरू केले. एके सकाळी हा माणूस मुकाट्यानं भाजी निवडायला बसला. पुढे डबेही पोचवू लागला. लोक हसले. ते मला म्हणाले, “बुवा, ही इतकी वर्षं चार वाजता उठत होती, मला आत्ता कळलं.” संध्याकाळी ते पॅसेजमध्ये पोरं गोळा करून टाळ आणि पावली शिकवत. गिरणी काही परत मिळाली नाही, पैका बेताचाच राहिला. पण ते घर मोडलं नाही, आणि त्यांनी शिकवलेली पोरं आज दिंडीत पुढे असतात.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. त्यांतला सातवा मध्यमवयाचा. या वयात पुढच्यांना काही द्यावं, नाहीतर माणूस जागच्या जागी साचतो, असं त्याचं म्हणणं. आपल्याला हे नाथमहाराजांनी करून दाखवलं आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते. पाठभेदांनी मळलेली माउलींची ओवी निवडून पुढच्यांच्या हाती दिली. घरसंसार सांभाळून केलेलं हे काम आहे.

हे झालं खालच्या पिढीचं. वरच्या पिढीसाठी पुंडलिकाकडे पाहा. तोही आधी आईबापांना विसरलेलाच होता. जवळचं दिसू लागल्यावर मात्र देव दारी आला, तरी त्यानं हातातली सेवा सोडली नाही. त्यानं फेकलेल्या विटेवर देव अजून उभा आहे.

आता चाळी पडताहेत, टॉवर उभे राहताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचं. आनंदच आहे. पण पूर्वी दार उघडं असायचं, म्हातारं माणूस उंबऱ्यात बसलं तरी दिवसातून दहाजण विचारपूस करत. नव्या घराचं दार बंद असतं. आता विचारपूस घरातल्यांनाच करावी लागेल, आणि घरातला कर्ता बहुधा चाळिशी-पन्नाशीतलाच असतो.

म्हणून माउली, तुमचं वय त्या पट्ट्यात असेल तर एवढं करा. रात्री फोन बाजूला ठेवून आईबापांजवळ थोडं बसा, हरिपाठ सोबत म्हणा. घरातलं एक काम मुलाच्या हाती पूर्ण सोपवा, आणि तो चुकला तरी परत घेऊ नका. आणि जिनं इतकी वर्षं डबा भरला, तिला विचारा, आज तू जेवलीस का?