केस जमिनीवर पडण्याआधी

दिवाळीच्या साफसफाईला सोफा भिंतीपासून ओढला, की मांजराच्या घरात त्याखालून केसांचे पुंजके पंख्याच्या वाऱ्याने घरभर पळू लागतात. मग आम्हा पशुवैद्यांचे फोन वाजतात : ‘डॉक्टर, केस गळायचे थांबतील असं काहीतरी द्या.’ असं काही देता येत नाही. निरोगी मांजराचा केस वाढतो, काही काळ नुसता टिकून राहतो आणि मग सुटतो. हे चक्र थांबवायचं नसतं. सुटलेला केस मांजराच्या अंगावरच पकडायचा, की सोफ्यावर पडल्यावर त्याच्यामागे धावायचं, एवढीच निवड घरच्यांना असते.

हे चक्र थंडी-उन्हापेक्षा दिवसाच्या लांबीवर अधिक चालतं. लंडनमध्ये डिसेंबरचा सर्वांत लहान आणि जूनचा सर्वांत मोठा दिवस यांत जवळपास नऊ तासांचा फरक असतो; मुंबईत तो जेमतेम सव्वादोन तासांचा. त्यात आपल्याकडे घरातले दिवे रात्री अकरा-बारापर्यंत चालू. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांत वाचलेला वसंत-शरदाचा ठळक मोसम फ्लॅटमधल्या मांजराला फारसा लागू पडत नाही. ते बारा महिने थोडे थोडे केस टाकत राहतं.

त्यातले बरेचसे केस मांजर स्वतःच काढतं. २०१८मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतले अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी मांजराच्या जिभेवरचे काटे बारकाईने तपासले. घरातल्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत सगळ्यांच्या जिभेवरच्या काट्यांची टोकं पोकळ, पळीसारखी निघाली. त्या पोकळीत लाळ भरली जाते आणि थेट केसांच्या मुळाशी पोचते. मात्र पर्शियन मांजराचे केस इतके लांब आणि दाट, की काटे त्वचेपर्यंत पोचतच नाहीत. आणखी एक अडचण सगळ्याच मांजरांची : काटे घशाच्या दिशेने वळलेले, त्यामुळे जिभेत अडकलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस शी-वाटे निघून जातात; उरलेल्यांचा गोळा कधीतरी नेमका नव्या चादरीवर उलटून पडतो. अधूनमधून असं होणं चालतं. उलट्या वाढल्या, खाणं सुटलं, नुसते उमाळे येऊ लागले, तर दवाखाना गाठावा.

म्हणून विंचरणं. गावठी मांजराला आठवड्यातून दोन-तीनदा रबरी दात असलेला हातमोजा किंवा मऊ ब्रश फिरवला तरी पुरतं. पर्शियनला रोज, आणि तेही धातूच्या कंगव्याने, त्वचेपर्यंत. वरवर ब्रश फिरवून पाठ चमकते, पण काखेत, कानांमागे आणि मागच्या मांड्यांमध्ये जटा तयार होत राहतात. त्या घरच्या कात्रीने कापू नयेत. मांजराची कातडी पातळ असते, ताणली की जटेबरोबर तीही कात्रीत येते. अशा जखमा शिवायचं काम मग आमच्याकडे येतं. उन्हाळ्यात ‘गार वाटावं’ म्हणून सरसकट भादरण्याची टूम तर मला मुळीच पसंत नाही. जटा फारच झाल्या असतील तरच मशीन लावावं. रोज विंचरायला वेळ नसेल, तर पर्शियन घरात आणूच नये.

केस म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिन, त्यामुळे गळतीचं एक कारण ताटलीत सापडतं. दूध-पोळीवर वाढलेलं मांजर जगतं खरं, पण त्याचा केस कोरडा आणि ठिसूळ राहतो. टॉरिन हे मांजराला अत्यावश्यक असलेलं द्रव्य प्राणिज आहारातूनच मिळतं. पोळी-भातात ते नसतं. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. कोकणात उलट टोक दिसतं : नुसती मासळी, तीही कच्ची. काही कच्च्या माशांतलं थायामिनेज हे विकर ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करतं. मासे द्यावेत, पण शिजवून आणि एवढ्यावरच न भागवता.

केस गळणं आणि टक्कल पडणं यांत मात्र गल्लत नको. शेपटीच्या मुळाशी केस विरळ झाले असतील तर पिसवांचा संशय घ्यावा. बारीक फणीने निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. लालसर ओघळ आला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. गोल, खवलेदार चट्टा बहुधा गजकर्णाचा असतो आणि तो घरातल्या मुलांनाही होतो. पोटावरचेच केस चाटून संपवणाऱ्या मांजराला तिथे काहीतरी दुखत असू शकतं किंवा ते तणावाखाली असू शकतं. आणि कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नये. त्याने मांजरं मरतात.

आता सोफा. जुन्या विज्ञानाच्या पुस्तकात एबोनाइटची कांडी मांजराच्या केसाळ कातड्यावर घासण्याचा प्रयोग असे. तोच प्रयोग पॉलिएस्टरच्या खोळीवर दिवसभर चालू असतो : केस धनभारित, पॉलिएस्टर ऋणभारित, दोघं एकमेकांना सोडत नाहीत. घट्ट विणीचं सुती कापड त्यापेक्षा बरं. ओलसर रबरी हातमोजा एकाच दिशेने ओढला की केसांची वळी होते. फरशीवर आधी झाडू मारला तर केस उडून कपाटावर बसतात. पंखा बंद करून ओलसर फडक्याने पुसावं. त्या पाण्यात फिनेल नको. मांजर पंजे चाटतं आणि त्याच्या यकृताला फिनॉल झेपत नाही. चादरी धुण्याआधी कोरड्याच झटकाव्यात, खालच्या मजल्यावरचं वाळवण पाहून.

‘मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो,’ असं सांगणाऱ्या आजी अजून घरोघरी आहेत. त्रास केसाचा नसतो. ‘फेल डी १’ नावाचं प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत तयार होतं, केसावर बसून घरभर फिरतं आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना शिंका, कधी दम्याचा झटकाही येतो. बिनकेसांच्या स्फिंक्स मांजरातही ते असतंच. ॲलर्जी असलेल्यांच्या झोपायच्या खोलीत मांजराला मज्जाव करावा आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

घरात कोणी गरोदर असली की याच केसांच्या धास्तीने मांजर बाहेर सोडलं जातं. टॉक्सोप्लाझ्माची लागण केसांतून होत नाही. मांजराकडून ती येते विष्ठेतून, आणि तिथेही ताज्या विष्ठेतून नाही : तो परजीवी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. शीचा ट्रे रोजच्या रोज घरातल्या दुसऱ्या कोणीतरी साफ करावा, मांस नीट शिजवून खावं, बागेतल्या मातीत हात घालताना हातमोजे घालावेत आणि शंका असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं. मांजराला रस्त्यावर सोडू नका.