दोन फुटांवरून दिसलेला ॲरिझोना

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही धाकट्या भावाकडे फिनिक्सला गेलो होतो. सोबत अम्मी होत्या. भावाने चार दिवसांसाठी आरव्ही भाड्याने घेऊन ठेवली होती. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. २५ फूट लांबीच्या त्या गाडीत शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, पाण्याची टाकी आणि चालकाच्या डोक्यावर पलंगसुद्धा! आम्ही कौतुकाने सामान लावत होतो, तेवढ्यात पुतणी शेरूला घेऊन आली.

शेरू हा लॅब्रॅडॉर कुत्रा. शेजारचे कुटुंब गाव सोडून गेले, हा मागे राहिला, आणि पुतणीने त्याला परसात थारा दिला.

त्याला पाहताच अम्मी दोन पावले मागे सरकल्या. आम्ही कोकणातली शाफई मंडळी. कुत्र्याची लाळ लागलेले भांडे सात वेळा धुवायचे, त्यात एकदा मातीने, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले.

"हा आत बसणार? मग मी नमाज कुठे पढू?" अम्मींनी विचारले.

"दादी, त्याला कुणाकडे ठेवू? चार दिवस एकटा कसा राहील?" पुतणी रडवेली झाली.

शेवटी तोडगा निघाला. मागचा पलंग अम्मींचा, मध्ये पडदा. शेरूची जागा दारालगतच्या रबरी चटईवर. त्याचे भांडे वेगळे. जानमाज आणि अम्मींचा वुजूचा तांब्या वरच्या कपाटात. बिस्मिल्लाह म्हणून गाडी सुटली.

फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मीटर उंच आणि फ्लॅगस्टाफ २,१०० मीटर. एवढा चढ अडीच-तीन तासांत. आम्ही खिडकीतून सग्वारो निवडुंगाचे उंच खांब पाहत होतो. शेरू मात्र फटीला नाक लावून डोळे मिटून बसला होता. "एवढा सुंदर देखावा, आणि हा झोपतोय!" आम्ही म्हणालो. पुतणी हसली. म्हणाली, "तो पाहतोच आहे, फक्त नाकाने."

खरेच आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात ३० कोटींपर्यंत असतात. निवडुंग संपले, पाँडेरोसा पाइनचे रान लागले, तसा शेरू ताठ उठून बसला. गाडी थांबल्यावर त्याने आम्हाला ओढत एका झाडाशी नेले. पुतणीच्या सांगण्यावरून आम्हीही सालीला नाक लावले. चक्क व्हॅनिलाचा वास! शेरू नसता तर आम्ही त्या झाडाचा फोटो काढून पुढे गेलो असतो.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर दुपारी पोहोचलो. १९१९ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि सुमारे १.६ किलोमीटर खोल. पाहताना तोंडून आपोआप 'सुबहानल्लाह' निघाले. खडकांचे थर लाल, गुलाबी, शेंदरी. शेरूला मात्र यातला तांबडा रंग दिसतच नव्हता. कुत्र्याचे डोळे मुख्यतः निळा आणि पिवळा ओळखतात. लाल त्यांना मळकट तपकिरी भासतो. शिवाय कठडा त्याच्या डोक्याहून उंच. त्याने दरीकडे पाठ केली आणि एका खारीवर नजर रोखली.

उद्यानाचे नियम कडक. कुत्र्याची दोरी सहा फुटांपेक्षा लांब नको, काठाखालच्या पायवाटांवर त्याला बंदी, उद्यानाच्या बसमध्येही नाही. त्या वाटांवर खेचरे चालतात, रानातले प्राणी असतात. कुत्र्यामुळे ते बुजतात. त्यामुळे बस सोडून आम्ही काठाने पायी निघालो. तिथे 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची वाट आहे. तिच्यावरचा प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे! वाटेवर दरीतल्या खडकांचे नमुने ठेवले आहेत. वरचा कैबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळाशी सापडणारा विष्णू शिस्ट त्याहून सहापट जुना. आपल्याकडचे नाव इतक्या दूर वाचून गंमत वाटली. शेरू प्रत्येक दगड हुंगत होता, म्हणून आम्हालाही थांबावे लागत होते. शाळेच्या सहलीत आम्ही मुलांना "चला, चला" म्हणून हाकत नेतो, ते आठवून जरा ओशाळलो.

तिसऱ्या दिवशी पेज गावाकडे निघालो. रस्ता नवाहो लोकांच्या मुलुखातून जातो. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो मुलुख करतो. त्यामुळे मोबाइलमधली वेळ एकदम तासाने पुढे गेली आणि पेजला पुन्हा मागे आली. जुहरची वेळ झाली की नाही, यावर आमची चर्चा. अम्मींनी खिडकीतून सावली पाहिली आणि म्हणाल्या, "झाली." शेरूही ठरल्या वेळी आपल्या भांड्यापाशी जाऊन बसला. दोघांनाही मोबाइलची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी अँटिलोप कॅन्यन पाहायचे होते. वाळूच्या खडकातली ही चिंचोळी घळ नवाहो वाटाड्यासोबतच पाहता येते आणि तिथे कुत्रा नेता येत नाही. खालच्या घळीत लोखंडी शिड्या उतराव्या लागतात. अम्मी म्हणाल्या, "माझे गुडघे नको म्हणतात. तुम्ही जा." शेरू एसीत चटईवर राहील, अम्मी पडद्यामागे तसबीह पढतील, असे ठरले.

आम्ही घळीत असताना अम्मींनी जेवण गरम करायला मायक्रोवेव्ह लावला. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालल्याने विजेचा खटका पडला. ही गोष्ट आधी सांगायला आम्हीच विसरलो होतो. बाहेर ३२ अंश. बंद गाडीचे तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते. अम्मींनी फोन लावला. घळीत आम्हाला रेंज नव्हती.

परतलो तेव्हा दार सताड उघडे. गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून अम्मी बसलेल्या, आणि त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर, पुढचे पाय पसरून शेरू. त्याच्यासमोर अम्मींचा वुजूचा तांब्या आडवा पडलेला.

"धापा टाकत होता," अम्मी म्हणाल्या. "दोरी धरून बाहेर आणला. त्याचे भांडे त्या घाईत सापडेना. मग तांब्यातूनच पाजले."

पुतणीने दादींना मिठी मारली. आम्ही तांब्याकडे पाहत होतो. तहानेने व्याकूळ कुत्र्याला मोज्यात विहिरीचे पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, ही हदीस आम्हाला लहानपणी अम्मींनीच सांगितली होती.

नंतर अम्मी उठल्या. ॲरिझोनाची लाल माती मूठभर घेतली, तांब्या एकदा मातीने घासला आणि सहा वेळा पाण्याने धुतला. वुजू केली आणि असर पढल्या. नियमही पाळला, जीवही वाचवला. दोन्हींत त्यांना काही विरोध दिसला नाही. विरोध आम्हीच मानून बसलो होतो.

परतीच्या वाटेवर पडदा होता, चटईही तिथेच होती. फक्त दर थांब्यावर पडद्यामागून आवाज यायचा, "त्याला पाणी दिलेत का?"

आता आम्ही गावी परतलो आहोत. अम्मींनी फाटकाबाहेर सिमेंटची कुंडी ठेवली आहे आणि फजरनंतर रोज ती स्वतः भरतात. गल्लीतली कुत्री तिथे येतात. अम्मी आजही त्यांच्यापासून हातभर लांबच उभ्या राहतात. पण कुंडी भरायला एकदाही विसरलेल्या नाहीत.