पडद्यावरच्या दोन टपऱ्या

चित्रपटाचे मर्म उलगडून सांगणारा मी समीक्षक नव्हे. छायाचित्रण, संकलन, पटकथेची बांधणी यांतले मला फारसे कळत नाही. बाजारपेठ बंद असेल त्या दिवशी घरच्या मंडळींसह एखादा चित्रपट पाहावा आणि जेवताना त्यावर चार गोष्टी बोलाव्यात, एवढाच माझा व्यासंग. मात्र तीस वर्षे कापडाच्या दुकानात गादीवर बसल्यामुळे नजरेला एक वळण लागले आहे. कथेत कोण काय विकतो, पैसा कोणाच्या हाती जातो आणि कष्ट कोणाच्या वाट्याला येतात, हे माझ्या आधी लक्षात येते.

आमच्या पिढीने पडद्यावर पाहिलेला व्यापारी बहुधा ‘मदर इंडिया’तल्या सुखीलालाच्या जातकुळीचा असे. १९५७ सालच्या त्या चित्रपटात कन्हैयालाल यांनी तो लोभी सावकार असा काही उभा केला की आजही अंगावर काटा येतो. तशी माणसे जगात नव्हती, असे मी म्हणणार नाही. परंतु पुढे कित्येक वर्षे तराजू हाती असलेला माणूस पडद्यावर आला, की तो लबाडच असणार हे प्रेक्षकांनी गृहीत धरले. म्हणूनच अलीकडे पाहिलेल्या दोन चित्रपटांतील दोन साध्या चहाच्या टपऱ्यांनी माझे मन वेधून घेतले.

पहिला चित्रपट विधू विनोद चोप्रा यांचा ‘ट्वेल्थ फेल’ (२०२३). चंबळच्या मुलुखातला मनोज बारावीला नापास होतो, कारण शाळेत सर्रास चालणारी कॉपी एक सचोटीचा पोलीस अधिकारी बंद पाडतो. पुढे दिल्लीच्या मुखर्जीनगरात पिठाच्या गिरणीत राबून तो अभ्यास करतो आणि शेवटच्या संधीत पोलीस सेवेत निवडला जातो. विक्रांत मॅसी यांचा अभिनय इतका सहज आहे, की अंगावर पीठ उडालेला तो मुलगा आपल्याच गल्लीतला वाटावा.

तथापि, मला अधिक जवळचा वाटला तो गौरीभैया. त्याच्या सर्व संधी संपतात, निवड होत नाही. मग तो ‘रीस्टार्ट’ नावाची चहाची टपरी थाटतो आणि मागून येणाऱ्या मुलांना मार्ग दाखवतो. चित्रपटाने त्याला दुय्यम ठेवले, हा माझा त्यावरचा आक्षेप. निवडले जाणारे थोडे, परतणारे फार. आणि परतणाऱ्यांची गोष्ट सांगायला कोणी बसत नाही.

माझा पुतण्या पुण्याच्या सदाशिव पेठेत काही वर्षे अशाच परीक्षांची तयारी करून गेल्या वर्षी घरी परतला. आता तो दुकानात उभा राहतो. येणारे-जाणारे आपलेपणाने विचारतात, “काय मग, शेवटी दुकानातच का?” त्या ‘शेवटी’ या शब्दाने मुलाचा अपमान होतो, तसाच दुकानाचाही होतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गादीने घर पोसले, तिला आपणच हरलेल्यांचा मुक्काम ठरवावे काय? चित्रपट संपल्यावर पुतण्या एवढेच म्हणाला, “काका, मला त्या टपरीवाल्याची गोष्ट पूर्ण बघायला आवडली असती.” दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर दुकानात आला आणि शिल्लक मालाची यादी स्वतःहून करायला बसला.

दुसरी टपरी किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मधली (२०२४). काळ २००१ सालचा. आगगाडीत घुंगटामुळे दोन नववधूंची अदलाबदल होते आणि फूल नावाची कोवळी मुलगी एका स्थानकावर एकटी उरते. घरकामात ती तरबेज आहे, पण सासरच्या गावाचे नाव तिला ठाऊक नाही. तिला आसरा देते ती फलाटावर टपरी चालवणारी मंजूमाई. छाया कदम यांनी ही फटकळ बाई फार ताकदीने रंगवली आहे. फूल कलाकंद करते, तो विकला जातो आणि मंजूमाई तिच्या हातावर कामाचा मोबदला ठेवते. आयुष्यातली पहिली कमाई पाहताना त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते व्यापारी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

चित्रपटाचा शेवट मला जरा अधिकच गोड वाटला. लाच मागणारा फौजदार अखेरीस सज्जन होतो आणि आपण हसून त्याला माफ करतो. ज्याने प्रत्यक्षात अशा खेटा घातल्या आहेत, त्याला तितके हसू येत नाही.

पण घरात खरी चर्चा झाली ती त्या कमाईवरून. माझी पत्नी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून दुकानातल्या साड्यांना फॉल-पिको करून देते. आमची सूनबाई वाणिज्य शाखेची पदवीधर. तिने सहज विचारले, “पप्पा, आईंच्या फॉल-पिकोचं खातं आपल्या वहीत कुठे आहे?” दुकानाच्या पाटीवर आजोबांच्या नावापुढे ‘ॲण्ड सन्स’ आहे, सुनांचा उल्लेख ना पाटीवर, ना वहीत. थोरल्या भावाशी बोलून येत्या दिवाळी पाडव्याला नव्या वहीत ते खाते उघडायचे ठरले आहे. नगामागे दर काय लावायचा, यावर मात्र सौभाग्यवतींची घासाघीस अजून चालू आहे, आणि ती माझ्याहून पक्की व्यापारी निघाली आहे.

वाचकहो, हे दोन्ही चित्रपट सवडीने अवश्य पाहा. प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर नव्हे, तर सगळ्यांनी एकत्र बसून. आणि पाहून झाल्यावर घरातल्या धाकट्यांना व सुनांना आधी बोलू द्या.